जळगावचा चंद्र, धुळ्याचा चंद्र आणि मधली तीन मिनिटं

आमच्याकडे दर संकष्टीला रात्री एक ठरलेला फोन असतो. जळगावला आई गच्चीवर जाऊन चंद्र बघून येते आणि खाली येता येता धुळ्याला मावशीला फोन लावते. "निघाला का गं तुमच्याकडे?" मावशीचं उत्तर बहुतेक वेळा एकच, "नाही अजून. तुमचा झाला पण?" मग आई जेवायला बसते आणि मावशी आणखी थोडा वेळ उपाशी.

लहानपणी मला वाटायचं की मावशीच्या गल्लीत उंच इमारती असतील. नंतर कधीतरी कालनिर्णयात बघितलं तर संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा गावागावांच्या वेगळ्या छापलेल्या. म्हणजे मावशीचा चंद्र खरोखरच उशिरा निघतो, आणि तिनं गल्ली बदलून काही उपयोग नाही.

हिशोब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. जळगाव साधारण ७५.५६ अंश पूर्व रेखांशावर, धुळं ७४.७८ वर. फरक ०.७८ अंशाचा, म्हणजे ३ मिनिटं आणि ७ सेकंद. आपली घड्याळं मात्र ८२.५ अंशावर, तिकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेली. त्यामुळे जळगावचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी पावणेअठ्ठावीस मिनिटं मागे, आणि धुळ्याचा जवळजवळ एकतीस मिनिटं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर लॉग फाइल्समधल्या वेळा बघत बसणं हा माझ्या कामाचा एक मोठा (आणि कंटाळवाणा) भाग. दोन सर्व्हरांच्या घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला की उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखं दिसतं आणि आम्ही सगळे रात्रभर जागे. त्यामुळे 'तीन मिनिटं' हा आकडा डोक्यात घुसला तो निघेना. ही तीन मिनिटं आपल्याला स्वतःला मोजता येतील का? गूगलला न विचारता?

आधी थोडा इतिहास, कारण जळगाव-धुळ्याची वेळ एक नव्हती हे आपण पार विसरलोय.

१८६० च्या दशकात खानदेशात रेल्वे आली. गाडीला वेळापत्रक लागतं आणि वेळापत्रकाला एकच घड्याळ. ते घड्याळ रेल्वेनं घेतलं मद्रासचं, कारण तिथं वेधशाळा होती आणि मद्रास कलकत्ता-मुंबईच्या साधारण मधे पडत होतं. मद्रासची वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे. मुंबईची ४ तास ५१ मिनिटं पुढे. आणि जळगावचा सूर्य ५ तास २ मिनिटांवर. आता कल्पना करा. जळगावात एखादा माणूस सूर्य डोक्यावर आला म्हणून बारा वाजले म्हणतोय. मुंबईच्या घड्याळात तेव्हा ११ वाजून ४९ मिनिटं झालीत, आणि स्टेशनवरच्या घड्याळात १२ वाजून १९. तिघंही बरोबर. गाडी चुकली तर चूक कोणाची?

मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (तेच, ज्यांच्या नावाचं कॉलेज पुण्यात आहे) यांनी १८८१ मध्ये मुंबईवर मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला. मुंबईकरांनी तो चालू दिला नाही, आणि १८८३ पर्यंत तो मागे घ्यावा लागला. मग १ जुलै १९०५ पासून रेल्वेनं आणि १ जानेवारी १९०६ पासून बाकी देशानं आजची साडेपाच तासांची प्रमाणवेळ घेतली. मुंबईत त्याही वेळी गिरणी कामगारांनी काम थांबवलं. घड्याळ ३९ मिनिटं पुढे म्हणजे तेवढं लवकर कामावर हजर राहायचं, हे त्यांना साहेबापेक्षा आधी कळलं होतं. मुंबई महापालिकेनं आपलं जुनं घड्याळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडलं नाही.

गंमत बघा, त्याच १९०६ मध्ये सरकारनं खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिम खानदेशचं धुळे. म्हणजे ज्या वर्षी दोन्ही गावांचं घड्याळ एक झालं त्याच वर्षी जिल्हे वेगळे झाले. एक गेलं आणि दुसरं आलं. असो.

पण वेळेच्या बाबतीत खानदेशाचं खरं नातं याच्याही सातशे वर्षं मागचं आहे, आणि ते चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आहे. आम्ही लहानपणी सहलीला जायचो ते धबधबा आणि माकडं बघायला. तिथल्या शिलालेखाबद्दल कोणी सांगितल्याचं आठवत नाही. भाऊ दाजी लाडांनी हा लेख १८६० च्या दशकात उजेडात आणला. लेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं, अशी ती नोंद. लेखाचा बराच भाग संस्कृत, पण शेवटी मठाला कुठली उत्पन्नं द्यायची तो व्यवहाराचा मजकूर चक्क मराठीत. ग्रहताऱ्यांसाठी संस्कृत आणि पैशांसाठी मराठी! आमच्या ऑफिसात मीटिंग इंग्रजीत आणि पगाराची कुरकुर मराठीत चालते, त्यातलाच प्रकार.

दानाची तिथी श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. ग्रहणात दान देणं हा पुण्याचा भाग झाला, पण चंद्रग्रहणाला आणखी एक महत्त्व आहे आणि ते मला फार आवडतं. सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. चंद्रग्रहण मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, कारण सावली चंद्रावर पडलेली असते, आपल्यावर नाही. मग दोन गावांतल्या दोन माणसांनी आपापल्या स्थानिक वेळेनुसार ग्रहण किती वाजता लागलं ते लिहून ठेवलं, की दोन वेळांतला फरक म्हणजेच रेखांशातला फरक. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात देशांतर काढायची ही पद्धत आहे. शून्य रेषा तेव्हा उज्जैनवरून जायची. आणि (हे मला हिशोब करताना सापडलं, मग मी उगीचच खूश झालो) जळगाव जवळजवळ त्याच रेषेवर आहे. उज्जैनचा सूर्य आणि जळगावचा सूर्य यांच्यात एक मिनिटाचासुद्धा फरक नाही. भास्कराचार्यांचं चाललं असतं तर आईचं घड्याळ जवळपास सूर्याबरोबर असतं.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. शंकू, घटी, चक्र, चाप, आणि त्यांचं स्वतःचं फलकयंत्र, म्हणजे एक आखीव फळी जिच्यावरून सूर्याच्या उंचीवरून वेळ काढायची. सगळी यंत्रं सांगून झाल्यावर ते शेवटी म्हणतात की सगळ्यांत श्रेष्ठ ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी.

घटी म्हणजे तळाला भोक असलेलं भांडं. घंगाळात सोडायचं, हळूहळू भरत जातं, २४ मिनिटांनी बुडतं. घटका भरली. लग्नात असं घटिकापात्र ठेवायची पद्धत आपल्याकडे होतीच. लीलावतीची गोष्टही त्याच भांड्याची: मोती भोकात अडकला, पाणी शिरेना, मुहूर्त टळला. ही कथा १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून पसरली, खरी मानायचं कारण नाही. पण मोजमाप करणाऱ्याला ती लगेच पटते. उपकरण बंद पडत नाही, गपचूप चुकतं.

इथं एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचा समाचार घेऊन टाकतो. 'आपल्या पूर्वजांना सेकंदाचा ३३,७५० वा भाग मोजता येत होता.' हे आकडे सिद्धान्तशिरोमणीतलेच आहेत. दिवसाचे ९,७२,००० निमिष, निमिषाचे ३० तत्पर, तत्पराच्या १०० त्रुटी. भागाकार करून बघा, बरोबर ३३,७५० येतात. पण एककाला नाव देणं आणि ते मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका त्रुटीत प्रकाश नऊ किलोमीटरसुद्धा जात नाही. भोकाच्या भांड्यानं ते मोजता येत नाही, आणि स्वतः भास्कराचार्यांनी तसा दावा केलेला नाही. फळी, काठी आणि डोकं वापरून त्यांनी जे केलं तेच पुरेसं मोठं आहे. त्याला आणखी शून्यं जोडायची गरज नाही.

तर, प्रयोग.

या संक्रांतीला मी जळगावला घरी होतो. धुळ्याच्या मावसभावाला (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे) कामाला लावलं. कृती अशी. गच्चीवर सपाट जागी मीटरभर उंचीची काठी उभी करायची. सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीचं टोक जिथं असेल तिथून काठीभोवती वर्तुळ काढायचं आणि वेळ लिहायची. दुपारी सावली आखडून पुन्हा लांबायला लागते. तिचं टोक परत त्याच वर्तुळाला टेकलं की पुन्हा वेळ लिहायची. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तिथली खरी दुपार. थेट बाराच्या सुमारास सर्वांत आखूड सावली शोधत बसण्यात अर्थ नसतो, कारण तेव्हा सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही. ही वर्तुळाची युक्ती सूर्यसिद्धान्ताइतकी जुनी आहे. फक्त आमच्या हातात मोबाइल होते.

आजूबाजूला पतंगबाजी जोरात. शेजारच्या गच्चीवरचे काका थोडा वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" मी सांगितलं. त्यांनी मोबाइल काढून वेळ दाखवली आणि परत पतंगाकडे वळले.

संक्रांतीच्या दिवसांत सूर्य सरासरीपेक्षा आणखी नऊएक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो (पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून). त्यामुळे जळगावची दुपार १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास यायला हवी होती, आणि माझी आली १२ वाजून ३६. बरं वाटलं. मावसभावाची आली १२ वाजून ४६! म्हणजे आमच्यात दहा मिनिटांचा फरक. त्या हिशोबानं धुळं अडीचशे किलोमीटर पश्चिमेला, जवळजवळ समुद्राकाठी.

चूक शोधायला अर्धा तास गेला. त्याची काठी कललेली होती. नुसत्या डोळ्यांना सरळ दिसणारी काठी एखाद-दोन अंश सहज कललेली असते, आणि आकाशात एक अंश म्हणजे चार मिनिटं हे वर सांगितलंच आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं गवंड्याकडून ओळंबा आणला. काठीच्या टोकावरून ओळंबा सोडायचा, आणि तो जिथं टेकेल त्या बिंदूभोवती वर्तुळ काढायचं. काठी कशीही असो. या वेळी फरक आला ३ मिनिटं ४० सेकंद. खऱ्यापेक्षा अर्ध्या मिनिटानं जास्त. पण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. तिच्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड जवळपास सेंटिमीटरभर पुसट होते. त्या पुसटपणातून अर्धं मिनिट काढणं मला वाईट वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. ओळंब्यानं अर्ध्या मिनिटापर्यंत पोचलो, पण आम्ही तुलना केली ती मोबाइलच्या घड्याळाशी. मोबाइलला वेळ कोणी सांगितली?

आजोबांच्या वेळी उत्तर सरळ होतं. बातम्यांच्या आधी आकाशवाणीवर टिक्-टिक् यायची, शेवटच्या टिकेला आजोबा मनगटावरच्या घड्याळाची चावी दाबायचे. आज तीच आकाशवाणी अ‍ॅपवर ऐकली तर टिक् काही सेकंद उशिरा येते, कारण आवाज पाकिटं भरत, थांबत थांबत येतो. साधन नवं आणि वेळ जुन्यापेक्षा वाईट.

त्याहून काटेकोर हवं असेल त्यांच्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं १९५९ मध्ये एक लघुलहरी प्रक्षेपण सुरू केलं होतं, 'एटीए' नावाचं. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. फक्त सेकंदाचे ठोके, आणि ज्या लहरीवर ते यायचे ती लहर (५, १० आणि १५ मेगाहर्ट्झ) स्वतःच प्रमाण. ते आता बंद आहे. पण हौशी रेडिओवाल्यांसाठी अशी प्रक्षेपणं म्हणजे फुकटचा मीटर होता. तंबोरा जुळवताना दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात हेलकावे येतात, आणि पूर्ण जुळल्या की ते थांबतात. अगदी तसंच. आपल्या घरच्या दहा मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची लहर आणि दिल्लीची लहर एकमेकींवर टाकायची. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक कोटीत एकाचा फरक. घड्याळाच्या भाषेत वर्षाला तीन सेकंद, आणि तेही कानानं!

लहर नेमकी असण्याला मराठी मुलखात एकदा फार मोठी किंमत होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२, मुंबई, उषा मेहता आणि साथीदारांचा काँग्रेस रेडिओ. युद्धामुळे हौशी रेडिओचे परवाने आधीच रद्द झालेले. प्रक्षेपक बांधून दिला नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्यानं. आणि लहर जाहीर केलेली, ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. तो दुसरा दशांश बघा. ४२.३४ चं ४२.३३ झालं तरी लहर पावणेदोन किलोहर्ट्झनं सरकते. ऐकणाऱ्यानं खुंटी कुठं फिरवायची ते आधी माहीत हवं म्हणून आकडा सांगायचा, आणि तोच आकडा पोलिसांनाही ऐकू जाणार. म्हणून लहर तीच ठेवून हे लोक सतत जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. (त्याच वर्षी १ सप्टेंबरला युद्धासाठी देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलली होती. ती ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली.)

एटीए नाही, मग मी उन्हाळ्यात जळगावला गेलो तेव्हा चीनचं 'बीपीएम' पकडलं. तेही १० मेगाहर्ट्झवर सेकंद मोजतं. यूएसबीला लावायचा दोन-तीन हजारांचा रेडिओ, गच्चीवर वायर, लॅपटॉप. माझ्या डबीतला स्फटिक दहा लाखांत एकाच्या खात्रीचा, म्हणजे १० मेगाहर्ट्झला १० हर्ट्झ इकडेतिकडे. संध्याकाळी आलेख लावून बसलो. लहर हळूहळू सरकत पाच-सहा हर्ट्झ खाली गेली. मी हरखलो! संध्याकाळी आयनावरण वर सरकतं, लहरीचा रस्ता लांबतो, वारंवारता किंचित उतरते, हे वाचलेलं होतं. मावसभावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्यानं विचारलं, "दादा, सहा हर्ट्झ जास्त नाही का होत?" जास्तच होते. १० मेगाहर्ट्झवर एक हर्ट्झ म्हणजे रस्ता सेकंदाला तीस मीटरनं लांबतोय. सहा हर्ट्झ म्हणजे आकाश एखाद्या विमानाच्या वेगानं पळायला हवं.

झालं होतं असं, की संध्याकाळी बाबांनी कूलर लावला होता. थंड हवा थेट डबीवर. मी दीड तास आयनावरण नाही, कूलर मोजत होतो.

मग डबीला उपग्रहाची शिस्त लावली, म्हणजे जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्यावर स्वतःचा स्फटिक दुरुस्त करत राहणारं एक छोटं यंत्र जोडलं. कूलर लावा, बंद करा, रेष हलेना. आणि मग त्या सपाट रेषेवर पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास लहर अर्ध्या हर्ट्झनं वर चढताना दिसली. सूर्य उगवत होता, वरचा थर खाली येत होता, रस्ता आखूड होत होता. घरात सगळे झोपलेले. मी चहा करायचंही विसरलो.

२०१९ पासून जगभरचे हौशी लोक हेच सामुदायिकरीत्या करतायत. अमेरिकेतल्या हॅमसाय या गटानं प्रमाण लहरी एकाच वेळी मोजायचा उत्सवच सुरू केला, आणि २१ जून २०२० चं कंकणाकृती ग्रहण (आपल्याकडे राजस्थान, हरयाणा, उत्तराखंडातून गेलेलं) त्यांनी असंच टिपलं. ग्रहण पुन्हा आलंच, बघा.

एक गोष्ट मात्र खटकते. मोबाइल, बँक, वीज, माझी शिस्त लावलेली डबी, सगळ्यांची वेळ शेवटी बहुतेक एकाच जागेहून, दुसऱ्या देशाच्या उपग्रहांकडून येते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं कंपन्यांना सर्व्हर आपल्या एनपीएल किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवायला सांगितलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी नाकं मुरडली. मीही. तो बदल करायला मलाच बसवलं होतं आणि मी ते कटकटीचं कागदी काम समजलो. आता वाटतं, मद्रासची वेळ घ्यायची की मुंबईची, यावर जी माणसं भांडली त्यांना निदान आपली वेळ कुठून येते एवढं ठाऊक होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-धुळ्यावरून सूर्य थेट डोक्यावर जातो, काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जळगावात १२ वाजून २५ च्या जरा अलीकडे, धुळ्यात १२ वाजून २८ च्या. वर्तुळं काढायची भानगडच नाही. मावसभावानं ओळंबा गवंड्याला परत केलेला नाही. मावशी मात्र म्हणते, उन्हात मरायला गच्चीवर जायचं असेल तर टोपी घालून जा, आणि येताना पापड उलटून या.